ढोलातली उशी

"काका, उशी फाटलीय," म्हणत नितेशने ढोल पडवीत आडवा ठेवला.

ढोलाच्या डाव्या तोंडावरचं ताणलेलं पान त्याने घरूनच उतरवून आणलं होतं. आत तळाला पट्ट्याने बांधलेली खाकी उशी दिसत होती. तिची शिवण एका कडेला बोटभर उसवली होती आणि तिथून पांढरं पिठासारखं काहीतरी ढोलात सांडलं होतं. नितेशने ते चिमटीत घेतलं, चोळलं आणि हात पँटीला पुसला.

"हात नको लावू त्याला," कमळाकर म्हणाला.

"लावला पन. काकीला सांगा, चार टाके घालायचेत. येत्या आयतवारी रोह्याकडं वरशाला लग्न हाय. तुळशीच्या लग्नानंतरची पयलीच सुपारी, आनि मुलीचा बाप मला म्हनतो, बाकी काय पन वाजवा, ढोल तोच पायजे."

आतून कमळाकरची बायको सरू म्हणाली, "आन इकडं. शिवते मी."

एवढे चार शब्द बोलायला तिला मध्ये एकदा थांबून श्वास घ्यावा लागला. बाहेरच्या दोघांनी तो श्वास ऐकला आणि दोघांनीही ऐकला नाही असं दाखवलं.

"तुला बसवत नाय, शिवतेस कसली," कमळाकर म्हणाला. "नितेश, तू जा. ढोल राहू दे हितंच. मी बगतो."

नितेश गेला, पण जाता जाता आणखी दोनदा वरशाचं लग्न सांगून गेला. थोरल्या भावाचा हा मुलगा आता गावच्या बेंजो पार्टीचा म्होरक्या होता, बेंजो बरा वाजवायचा आणि बोलायचा त्याहून जास्त. मनाने मात्र चांगला होता. सरूला पनवेलच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं तेव्हा न सांगता टेम्पो दारात आणून उभा करणारा तोच.

पेणपासून रोह्यापर्यंत गावोगावी वरातीत वाजवणाऱ्या बेंजो पार्ट्या होत्या आणि प्रत्येकीत गळ्यात अडकवायचा मोठा ढोल होता. पोरं त्याला बेस म्हणत. बहुतेकांचे ढोल टोला मारला की घुमत राहत. पहिल्याचा घुमारा संपायच्या आत दुसरा टोला पडे आणि सगळ्या वरातीचा नुसता कल्ला होई. कमळाकरच्या गावचा, गडबचा, ढोल तसा नव्हता. त्याचा टोला नेमका छातीत येऊन बसे आणि तिथल्या तिथे संपे. वरात वळणाच्या पलीकडे असतानाच माणसं म्हणत, गडबवाले आले. कमळाकरला लोक वाकून नमस्कार वगैरे करत नव्हते, पण लग्नमंडपात त्याला पहिल्या पंगतीला बसवत. आयुष्यभर भातशेती आणि अधूनमधून कंत्राटी कामं केलेल्या माणसाला एवढा मान पुरेसा होता.

या आवाजातलं अर्धं श्रेय ढोल ताणण्याचं होतं. ते कमळाकरचं. अर्धं श्रेय उशीचं होतं, आणि ती सरूची. हे तो सगळ्यांना सांगायचा, अगदी सरूसमोर सांगायचा, आणि सरू पदर तोंडाला लावून म्हणायची, "काय पन सांगत असतात."

ती उशी जन्माला आली तेव्हा दोघंही तरुण होती. रोह्याकडचा एक कारखाना बंद पडला होता आणि तिथला जुना बॉयलर मोडायच्या कामावर कमळाकर आणि त्याचा जोडीदार केरू लागले होते. बॉयलरच्या नळांना जाड पांढरं आवरण गुंडाळलेलं होतं. हाताला मऊ, वजनाला काहीच नाही, दाबलं की पुन्हा फुगून वर येणारं, पाणी न धरणारं. मुकादम म्हणाला, कचराच हा, न्यायचा त्याने न्या. ते पाहिल्याबरोबर कमळाकरच्या डोक्यात ढोल आला. ढोलात त्याने कापूस भरून पाहिला होता, तो पावसाळ्यात दमट होऊन ढेकूळ व्हायचा. गोणपाट भरून पाहिलं, पेंढा भरून पाहिला. हे मात्र त्यासाठीच केल्यासारखं होतं. एक गोणी भरून तो एस.टी.ने घरी घेऊन आला, आणि वाटभर ती मांडीवर धरून बसला होता.

सरूने त्याच्या जुन्या खाकी पँटी उसवून खोळ शिवली. पहिली उशी फार जाड झाली, ढोल मुका झाला. दुसरी पातळ झाली. मग तिने आपल्याच डोक्याने मधे चपटी आणि दोन्ही टोकांना फुगीर अशी उशी केली. ढोल गळ्यात अडकवला की तिची टोकं दोन्ही पानांना जेमतेम टेकायची. "गालाला गाल लागतो तेवढीच लागली पायजे," असं ती म्हणाली होती आणि मग स्वतःच लाजली होती.

तेव्हापासून दरवर्षी दिवाळी झाली की उशी उघडायची. पावसाळ्याभर बसून बसून आतला भरणा दबलेला असे. सरू तो पडवीत सुपात काढी, बोटांनी एकेक झुबका सुटा करी, झटकी आणि पुन्हा भरी. सकाळच्या उन्हात त्याची धूळ बारीक चकाकत तरंगे. तिचे केस, भुवया, पापण्या पांढऱ्या होत आणि कमळाकर म्हणे, "बगा, म्हातारी झाली आमची." ती शिंकायची, हसायची, पुन्हा शिंकायची. तो तिच्यासमोर पायरीवर बसून पानांचे बोल्ट तेलात बुडवत असे. दोघांच्या संसारात मूल झालं नाही. त्या सकाळी मात्र घरात काहीतरी सण असल्यासारखं वाटे.

आता ती चकाकणारी धूळ आठवली की कमळाकर हातातलं काम टाकून उठे.

गणपतीच्या आधी सरूला धाप लागायला लागली होती. गावच्या डॉक्टरने दम्याचं औषध दिलं, पेणच्या डॉक्टरने टीबीचं, आणि शेवटी पनवेलच्या मोठ्या दवाखान्यात छातीतून सुईने पाणी काढलं तेव्हा ते लालसर निघालं. तिथली डॉक्टरीण वयाने लहान आणि बोलायला मऊ होती. तिने सरूला विचारलं, काकी, तुम्ही कधी कुठल्या कंपनीत काम केलंय का? सरू म्हणाली, "नाय गो बाय. मी शेतावर आनि घरात. कंपनी ती ह्यांची."

मग डॉक्टरणीने कमळाकरला बाजूला बोलावलं. मोबाइलवर एक फोटो काढून त्याच्यापुढे धरला.

"काका, असं काही तुमच्या घरात कधी होतं का? जुन्या कारखान्यात पाइपांना गुंडाळलेलं असायचं. ॲस्बेस्टॉस म्हणतात. याची धूळ श्वासातून आत गेली की वीस-तीस वर्षांनी फुफ्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर होतो. काकींना तोच आहे."

फोटोत नळ होता आणि नळावरचं आवरण एका जागी फाटून पांढरे तंतू लोंबत होते. कमळाकरने ते पाहताक्षणी ओळखलं. आपल्याच अंगणातला माणूस परक्या गावात भेटावा तसं ओळखलं.

"नाय," तो म्हणाला.

"नक्की? कपड्यांना लागून वगैरे?"

"नाय."

खोटं बोलायचं असं काही त्याने ठरवलं नव्हतं. पडद्यापलीकडे सरू झोपलेली होती आणि हो म्हटलं तर ती ऐकेल, एवढंच त्याला कळलं. पुढे किती दिवस, असं त्याने विचारलं तेव्हा डॉक्टरणीने महिन्यांची भाषा केली, वर्षांची केली नाही. परतताना टेम्पोत सरू म्हणाली, "पानी काढलं तर किती हलकं वाटतंय," आणि तो व्हय म्हणाला. त्याच्या स्वतःच्या छातीत मात्र काही नव्हतं. साधा खोकलाही नव्हता. याचा त्याला इतका राग येई की एकटा असला की तो मुद्दाम खोकून बघे.

केरू असाच गेला होता, काही वर्षांमागे, खोकून खोकून. त्याने ते आवरण चुलीवरच्या भातपातेल्याला गुंडाळायला नेलं होतं. तेव्हा सगळे म्हणाले, दारूने गेला.

नितेश गेल्यावर कमळाकरने नाकातोंडाला ओला पंचा बांधला, उशी ढोलातून सोडवली, प्लॅस्टिकच्या गोणीत घातली आणि गोठ्याच्या माळ्यावर टाकली. ढोल आतून ओल्या फडक्याने तीनतीनदा पुसला. उशी कुठे पुरायची याचा विचार उद्या करू, असं तो स्वतःला म्हणाला. आधी ढोलात दुसरं काहीतरी घालायला हवं होतं. दुसऱ्या कशाने तोच आवाज आला, तर कुणी काही विचारणार नव्हतं. सरूची उशी जुनी झाली म्हणून काढली, एवढंच लोक म्हणतील. सरू मरेल ती आपल्या उशीचा अभिमान घेऊन मरेल. तिच्यापाशी दुसरं होतं तरी काय.

त्याने दोन्ही पानं नव्याने चढवायला घेतली. कडं बसवलं, सगळे बोल्ट हाताने आवळले आणि मग चावीने समोरासमोरच्या जोड्या घेत थोडं थोडं ताणत गेला. एका बाजूला एकदम आवळलं की पान तिरकं बसतं आणि ढोल कायमचा रडका होतो. पानाच्या मधोमध मूठ दाबून सुरकुत्या गेल्या की नाही ते पाहिलं. प्रत्येक बोल्टापाशी बोटाने टिचकी मारून कान लावला. टोल्याचं उजवं पान सैलसर ठेवलं, डावं त्याहून जरा चढं. इथवर हात आपोआप चालत होते आणि तेवढा वेळ त्याला बरं वाटलं.

मग डावं पान पुन्हा उतरवून आत गोधडीची घडी घातली, पान चढवलं आणि टोला मारला.

"ह्ये काय?" आतून सरू म्हणाली. "भिजल्या पोत्यावर मारल्यागत."

त्याने घडी कमी केली. ढोल घुमायला लागला. पेणहून स्पंजाचा तुकडा आणला होता, तो लावला. आवाज गेलाच, टोला पडला की नाही हेही कळेना.

"उशी कुठं हाय?"

"लय जुनी झालीय गो ती. नवीन करतोय."

"जुनी झाली तर खोळ बदला. आतलं कशाला बदलताव?" तिने दम घेतला. "माज्या उशीसारखा आवाज दुसऱ्या कशानं यायचा नाय. आना ती. मी हाय तवर करून देते."

"हाय तवर" असं ती पहिल्यांदाच बोलली होती. रात्री तिला उताणं झोपवत नसे, म्हणून ती भिंतीला टेकून बसे आणि तो तिच्या पाठीला तळहात लावून बसे. तिची पाठ हाताखाली थरथरे. आत काहीतरी घासत असल्यासारखं लागे, आणि श्वास सुटला की थांबे.

सकाळी तो पुन्हा पेणला गेला. रात्रभर विचार करून त्याला काथ्या सुचला होता. गणपतीच्या कारखान्यात मूर्तीच्या प्लास्टरमध्ये घालायला काथ्या असतो. तो हलका असतो, दबला तरी वर येतो आणि दमट हवेला भीत नाही. ओळखीच्या कारखान्यात गेला तर तिथे पुढच्या वर्षीच्या मूर्तींचे साचे निघत होते आणि बिनरंगाचे पांढरे गणपती ओळीने वाळत बसले होते. कारागिराने पिशवीभर काथ्या दिला, वर विचारलं, "सरूवयनी बऱ्या हायेत ना?" कमळाकर म्हणाला, बऱ्या हायेत. येताना जीपमध्ये तो बोटांनी काथ्या दाबून दाबून पाहत होता आणि अनेक दिवसांनी त्याला थोडी आशा वाटत होती.

गडबच्या फाट्यावर उतरून घराच्या वळणाला आला तेव्हा त्याला सरूचा आवाज ऐकू आला. ती काहीतरी शिकवत असल्यासारखी बोलत होती.

पडवीत ऊन भरलेलं होतं. सरू खांबाला टेकून बसली होती, अंगावर निळं लुगडं, केस नीट विंचरलेले. समोर नितेशची बायको समीक्षा मांडी घालून बसली होती. दोघींच्या मधे सूप आणि सुपात ती उशी, गोठ्याच्या माळ्यावरून शोधून काढलेली, सगळी शिवण सोडलेली. समीक्षा बोटांनी पांढरे झुबके सुटे करत होती आणि उन्हात धूळ बारीक चकाकत तरंगत होती.

"असं नाय गो. तुटता कामा नाय. दोन बोटांनी इस्कटायचं, मंग झटकायचं," सरू सांगत होती. तिच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांत नव्हतं तसं तेज होतं. "ह्ये माज्यामागं तुलाच करायचं हाय. पुरुषांना नाय जमत. त्यांना नुसतं बडवता येतं."

समीक्षा हसली आणि शिंकली.

कमळाकरच्या हातातली पिशवी गळून पडली. पायरीपाशी पाय धुवायची बादली भरलेली होती. ती त्याने दोन्ही हातांनी उचलली आणि सगळं पाणी सुपावर फेकलं. सूप, उशी, दोघी बायका, सगळं चिंब झालं. समीक्षा किंचाळून उभी राहिली.

"येड लागलं का तुमाला?" सरू म्हणाली.

"समीक्षा, श्वास घेऊ नको हितं. बाजूला हो. घरला जा. अंगावरचं सगळं काढून टाक, डोक्यावरनं आंगोळ कर." त्याचं त्यालाच कळत नव्हतं की आपण ओरडतोय की कुजबुजतोय. "ते घरात नेऊ नको, तो गाऊन घरात नेऊ नको."

समीक्षा भिंतीला चिकटून उभी होती. तिला वाटलं, काकाच्या डोक्यावर परिणाम झाला. सरूला तसं वाटलं नाही. ती नवऱ्याकडे बघत होती, मग सुपातल्या ओल्या पांढऱ्या लगद्याकडे बघितलं, मग पुन्हा नवऱ्याकडे. इतकी वर्षं ज्याच्या चेहऱ्यावरून ढोल चढलाय की उतरलाय ते ती ओळखत आली होती, त्याच्या चेहऱ्यावरून हेही तिला वाचता आलं.

"पनवेलच्या डॉक्टरनीनं मला इचारलं व्हतं," ती हळूच म्हणाली. "कंपनीत व्हतीस का म्हनून."

कमळाकरने रिकामी बादली खाली ठेवली.

"ह्येच का त्ये?"

"व्हय."

सुपातून पाणी ठिबकत होतं. मग सरूने समीक्षाकडे तोंड वळवलं.

"समीक्षा गो, रडू नको. तुज्या पोटात काय गेलं नाय, एका दिसानं काय व्हत नाय. मी किती वर्षं केलंय." तिने थांबून श्वास गोळा केला. "काका सांगतात तशी आंगोळ कर. आनि नितेशला सांग, काकीची उशी नाय आता. मागू नको म्हनावं."

समीक्षा गेली. सरूने लुगड्याचा ओला पदर पिळायचा प्रयत्न केला, पण तेवढी ताकद हातात नव्हती. कमळाकर पुढे झाला तसं तिने त्याचा हात बाजूला केला.

"कवापासनं ठाव हाय तुमाला?"

"पनवेलपासनं."

"मंग डॉक्टरनीला नाय का सांगितलंत?"

"तू ऐकशील म्हनून. तुला... तू ती उशी केलीस. तुला वाटंल, मीच माज्या हातानं."

"उशी मी केली," सरू म्हणाली. "आनली कुनी?"

आयुष्यात ती त्याला कधी टोचून बोलली नव्हती आणि आताही तिने आवाज चढवला नव्हता. तो पायरीवर बसला, ज्या पायरीवर दरवर्षी बोल्ट तेलात बुडवत बसायचा, तिथेच.

"मी," तो म्हणाला.

हमरस्त्यावरून गाड्यांचा आवाज येत होता. त्याला वाटलं, आता ही रडेल, आपल्याला शिव्या देईल, आणि तेच बरं होईल. पण सरूला रडायला लागणारा श्वास परवडत नव्हता.

"थंडी वाजतीया," ती म्हणाली. "दुसरं लुगडं द्या."

त्याने तिला लुगडं नेसवलं. निऱ्या त्याला घालता येईनात, तर तिने त्याच्या हातावर हात ठेवून घातल्या. मग तो ती ओली उशी, सूप, खोळ, तिचं निळं लुगडं सगळं एका गोणीत घालून शेताच्या बांधाकडे निघाला. ती आतून म्हणाली, "खोल खना. कुत्री उकरतील." त्याने छातीइतका खोल खड्डा खणला. वर माती लोटली, मातीवर दगड ठेवले. माती लोटण्याआधी गोणीबाहेर आलेलं निळ्या लुगड्याचं एक टोक आत सारताना त्याला हुंदका आला होता. बांधावर कोणी नव्हतं, म्हणून त्याने तो येऊ दिला.

पुढचे दिवस सरूने त्याच्याशी लागेल तेवढंच बोलणं ठेवलं. पाणी द्या, उशाला द्या, दार लावा. रात्री मात्र पाठीवर त्याचा हात तिने राहू दिला.

रविवारी दुपारी नितेश टेम्पो घेऊन आला. समीक्षाने त्याला सगळं सांगितलं असावं, कारण तो आला तो मुकाट्याने आला आणि पडवीच्या बाहेरच उभा राहिला.

"काका, काथ्या घातलात का?"

"घालून बगितला. नाय जमत. आत घासतो."

"मंग?"

"मंग मोकळाच."

नितेश मान खाली घालून म्हणाला, "चालंल काका. वरशाला कुनाला काय कळतंय." त्याला माहीत होतं, सगळ्यांना कळणार होतं.

"ढोल इकडं आना," सरूने हाक दिली.

कमळाकरने ढोल गळ्यात अडकवला आणि आत तिच्या खाटेपाशी गेला. ती महत्प्रयासाने कडेला सरकून बसली.

"वाजवा."

"आवाज मोठा हुईल गो. तुला तरास."

"वाजवा म्हनते ना."

त्याने टोला मारला. मोकळा ढोल घरभर घुमला, भांड्यांत घुमला, पत्र्यात घुमला आणि संपता संपेना. सरूने डोळे मिटले होते. घुमारा विरेपर्यंत ती थांबली. मग तिने हात लांब केला आणि डाव्या बाजूच्या पानावर तळहात टेकवला. तो हात आता नुसता हाडांचा राहिला होता.

"आता."

त्याने टोला मारला. आवाज निम्म्यातच दबला.

"लय झालं," ती म्हणाली. हात मधून कडेकडे सरकवला, बोटं उचलली, तळहाताची फक्त गादी टेकवून ठेवली. "आता."

पुन्हा टोला. पुन्हा तिने हात जरासा वर घेतला. तिसऱ्या की चौथ्या वेळी तिने टोल्याच्या आधी हात लावलाच नाही. टोला पडू दिला, एक क्षण जाऊ दिला आणि मग तळहात पानावर आणला. टोला छातीत बसला आणि तिथल्या तिथे संपला.

बाहेर नितेशने मान वर केली.

"हितं," सरू म्हणाली. तिचे ओठ निळे पडले होते. "हितं ठेवायचा. टोला पडला की मंग. आधी नाय. कळलं का?"

"कळलं."

"तुमचा हात ठेवा बगू."

त्याने टिपरू उजव्या हातात घेऊन डावा तळहात पानावर ठेवला. तिने तो बोटभर खाली सरकवला, तिच्या मनासारखा झाला तेव्हा सोडला आणि भिंतीला टेकली.

"जावा," मग ती म्हणाली. "टाइम झाला. समीक्षाला बसायला सांगा माज्यापाशी."

वरशाला वरात निघाली तेव्हा पोरं नाचली, फटाके वाजले, बेंजोवर नितेशने नेहमीची गाणी घेतली. कमळाकरचा डावा हात पहिल्या पहिल्यांदा चुकत होता, मग जमत गेला. तोच आवाज काही आला नाही. जवळपास येत होता. पहिल्या पंगतीला त्याला बसवलं, पण मुलीचा बाप वाढताना म्हणाला, "ढोल बदललात वाटतं." कमळाकरने नाही म्हटलं.

फाल्गुनात, होळीच्या आधी, सरू गेली. बसल्या बसल्या गेली, कमळाकरचा हात पाठीवर असताना. श्वास सुटला आणि पाठ थांबली. ती पुन्हा हलेल म्हणून तो किती वेळ हात तसाच धरून बसला होता.

नंतरच्या लग्नसराईत नितेशने कुठूनकुठून नव्या उशा आणल्या, मुंबईहून तयार पट्ट्याही मागवल्या. काका, हात भरून येतो तुमचा, ह्या वापरा, असं परोपरीने सांगून पाहिलं. कमळाकरने ढोल मोकळाच ठेवला. लोक म्हणतात, गडबचा ढोल पहिल्यासारखा राहिला नाही, आणि त्याच्या कानावर आलं तर तो व्हय म्हणतो. तो टोला मारतो, मग डावा तळहात पानावर टेकवतो, आणि हाताखालची थरथर पुरती थांबल्याशिवाय उचलत नाही.